गोठ्यातला ठेका

ता. कडेगाव
१२ जानेवारी २०२५

महेंद्रकाका,

जय भीम.

फोन केला की तुम्ही "काय? काय?" करता आणि पाचव्या "काय"ला मी चिडते. मेसेज केला तर अंगठ्याचं चित्र पाठवता. म्हणून आता कागदच घेतला. पलटणीच्या बँडमध्ये बावीस वर्षं ड्रम बडवून तुम्ही डावा कान घालवलात आणि शिक्षा आमच्या पोस्टमनला.

आधी भांडण. दिवाळीत तुम्ही आलात, मी गोठ्यात मांडलेला सगळा पसारा पाहिलात आणि पप्पांच्या देखत म्हणालात, "म्हशी बऱ्या हुत्या, निदान दूध तरी द्यायच्या." सगळे हसले. तुम्हीही हसलात. काका, तो पाच नगांचा ड्रमसेट मी सांगलीच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणला, चार माइक एकेक करून जमवले, भिंती स्वतः सारवल्या. आता गाणी बनवणारी पोरं आपणहून येतात, ड्रम वाजवून, रेकॉर्ड करून घेऊन जातात. यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

तरी विचारायला तुमच्याशिवाय कोण आहे? हलगीचा साडेतीन मिनिटांचा एक टेक आहे. वाजवलंय असं की ऐकताना अंगावर काटा येतो. पण रेकॉर्डिंगची माती झाली आहे. वरचा पत्रा घुमतो, पंखा घरघरतो आणि शेजारी उभ्या असलेल्या स्नेअर ड्रमच्या बुडाची तारांची जाळी हलगीच्या प्रत्येक ठोक्याला सर्रर्र करून साथ देते. ते सर्रर्र कसं काढू?

"पुन्हा रेकॉर्ड कर" एवढं सोडून काहीही सांगा.

आबा बरे आहेत. दुपारी गोठ्यात गारवा असतो म्हणून येऊन बसतात.

प्रियंका


सातारा
२० जानेवारी २०२५

चि. प्रियंकास,

पुन्हा रेकॉर्ड कर.

नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणणार होतो, पण तुझं अंगण खरोखरच वाकडं आहे. भिंतीला लावलेले ते अंड्यांचे ट्रे आधी चुलीत घाल. त्यांनी आवाज थांबत नाही, उंदरांची सोय होते. जतच्या बाजारातून जाड लोकरीची घोंगडी आण आणि भिंतीपासून वीतभर सोडून टांग. चिकटवशील तर निम्मा फायदा गेला. पत्र्याखाली जुन्या कपड्यांनी भरलेली गोणपाटं बांध. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद. घाम आला तर येऊ दे, आम्ही जैसलमेरला परेडमध्ये वाजवलंय.

मोठ्या ड्रमात तू अख्खी गादी कोंबलीस ते पाहिलं मी. एक उशी पुरते, ती चामडीला जरा टेकली पाहिजे, बस्स. चामडी ताणताना चाव्या ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतात तशा समोरासमोरच्या फिरव, रांगेनं नको. वरचे दोन माइक डोळ्यांच्या अंदाजानं लावतेस ना? दोरी घे. एक टोक स्नेअरच्या मधोमध धर आणि दोन्ही माइक त्या एकाच मापावर आण. नाहीतर ते एकमेकांचा आवाज खातात आणि ड्रम बिस्किटाच्या डब्यासारखा वाजतो. आवाजाची रेघ लाल होऊ देऊ नकोस. फाटलेला आवाज शिवता येत नाही.

आणि कानात रबरी बोळे घाल, कापूस नव्हे. माझ्याकडं बघून तरी शीक.

स्नेअरच्या कडेला खटका असतो. तो पाडला की जाळी सुटते आणि सर्रर्र बंद. हे तुला ठाऊक आहे. मग टेकच्या वेळी पाडला का नाहीस? आता ते काढायला बसणं म्हणजे शिजलेल्या भातातलं मीठ वेचणं. दोन ठोक्यांच्या मधला वरच्या पट्टीतला आवाज थोडा कापून बघ, त्यापलीकडं काही होणार नाही.

माझे दोन प्रश्न. असा कोण उस्ताद आहे जो दुसऱ्यांदा वाजवायला येत नाही? आणि आपल्या घरात हलगी आली ती आबांना विचारून आली का?

महेंद्र


ता. कडेगाव
२ फेब्रुवारी २०२५

काका,

घोंगडी टांगली. दोरीनं मोजलं. मोठा ड्रम आता छातीत वाजतो. हे तुमचं ऐकलं म्हणून झालं, कबूल. बाकीच्या पत्रातली शिपाईगिरी मात्र तुमच्याजवळच ठेवा, मी तुमच्या पलटणीत नाही.

हलगी म्हणजे फायबरचं कडं आणि प्लॅस्टिकचा पडदा, कोल्हापूरहून आणलेला. लोक मागतात, म्हणून ठेवली. दाराच्या खिळ्याला असते. आबांनी पाहिली आहे. काही बोलले नाहीत.

वाजवणारा जतकडचा मेंढका होता. तोडणी झालेल्या रानात मेंढरं बसवायला आला, सहज आत डोकावला, वाजवलं आणि गेला पुढं. आता त्याला कुठल्या रानात शोधू? मी माइक तपासत होते, खटका पाडायचा राहिला. झाली चूक. पुन्हा पुन्हा विचारू नका.

सांगलीचा ऋषिराज माहीत असेल. मिरवणुकीतल्या साउंडच्या गाड्यांसाठी ठेके तयार करतो. त्यानं दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाला, हे मला दे, दहा तारखेच्या आत. काका, एकदा त्याच्याकडं माझं काम गेलं की कुणी गोठ्यावरून हसणार नाही. तुमच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या आपल्या गावच्या अर्जुनाकडून पेनड्राइव्ह पाठवते आहे. ऐका आणि अजून काय साफ करता येईल तेवढं सांगा.

प्रियंका


सातारा
१४ फेब्रुवारी २०२५

प्रियंका,

मेंढके ढोल वाजवतात. हलगी नाही. खोटं बोलायचं तर निदान वाद्य तरी बरोबर धरायचं.

तुझा मेंढका मी ओळखला. तो माझा बाप आहे.

हेडफोन उजव्या कानाला दाबून ऐकलं. तीन ठोके, मग चौथा अडवून धरलेला आणि जरा उशिरा सोडलेला. लहानपणी मला झोप आली नाही की आबा माझ्या पाठीवर बोटांनी हेच वाजवायचे. मी विचारायचो, "आबा, ह्यो कुठला ठेका?" ते म्हणायचे, "कुठला न्हाई. झोप." आयुष्यभर मी ड्रमवर तो चौथा ठोका शोधला आणि मला तो एकदाही तसा सोडता आला नाही. वर शेवटी त्यांचा तो खोकलाही तू ठेवला आहेस.

तुला हे कुणी नीट सांगितलं नसेल, कारण आबा सांगत नाहीत. गावची हलगी आपल्या घराकडं होती. आबांचे वडील कोंडीबा वाजवायचे. मोठ्या घरातून शीळ आली की जेवणाच्या ताटावरून उठायचं, आणि "बास" म्हणेपर्यंत हात थांबवायचा नाही. आबांची धाकटी बहीण मेली त्या दिवशी त्या घरची वरात होती. पोर घरात कापडाखाली आणि बाप त्या दारात वाजवतोय. आबा सात-आठ वर्षांचे होते, बापाच्या शेजारी छोटी हलगी घेऊन उभे होते. दीक्षेच्या पुढच्या वर्षी आपल्या लोकांनी गावकामं सोडली तेव्हा कोंडीबांनी वेशीत हलगी जाळली. आबांनी आपली छोटी हलगी स्वतःच्या हातानं त्यावर टाकली. अकरा वर्षांचं वय. तेव्हापासून त्यांनी हलगीला बोट लावलेलं नाही.

म्हणजे मला कालपर्यंत तसं वाटत होतं.

एकोणऐंशी वर्षांचा माणूस कुणी नाही असं बघून खिळ्यावरची हलगी काढतो. त्याला तिच्याकडून काय पाहिजे होतं ते त्याचं त्याला माहीत. तू तिथं नकोच होतीस, आणि तुझा माइक चालू होता. मला इतका संताप आलाय की हे पत्र तीनदा फाडून लिहितोय.

तो टेक कुणालाही द्यायचा नाही. आणि आबांपुढं बसून त्यांना सगळं सांगायचं.

महेंद्र


ता. कडेगाव
२५ फेब्रुवारी २०२५

काका,

हो. आबाच.

मी माइक तपासायला रेकॉर्डिंग चालू करून फोनला रेंज मिळते का बघायला रस्त्यावर गेले होते. परत येताना आवाज आला. मी भिंतीला टेकून उभी राहिले, आत पाऊल टाकायची हिंमत झाली नाही. संपल्यावर फटीतून पाहिलं. त्यांनी धोतराच्या सोग्यानं हलगी पुसली, खिळ्याला लावली आणि बाहेर येऊन मला विचारलं, "च्या झाला का गं?" मी म्हटलं, ठेवते. बस. एवढंच झालं. मी चोरी करायला बसले नव्हते.

आणि आता माझंही ऐका, तुमच्या चांगल्या कानानं. तुम्ही बावीस वर्षं ड्रम वाजवला. कडक गणवेश, पगार, पेन्शन, भिंतीवर फोटो. तुम्ही वाजवलं की बँड आणि सलाम. हलगी म्हटली की लगेच पाप? चामडं तेच, काठी तीच. आबा एकोणऐंशीचे आहेत. ते गेले की तो चौथा ठोका जगात कुठंच उरणार नाही. तुम्हाला तो जमला नाही, मला जमत नाही. तो राहावा असं मला वाटलं तर मी वाईट? जाळायचं ते जळलं सत्तावन्न साली. उरलेलंही जाळायचं का?

टेक नऊ तारखेला ऋषिराजला दिला. तुमचं पत्र त्यानंतर आलं. मी त्यावर स्वतःचं नाव लावलेलं नाही, म्हणजे तुम्ही समजता तेवढी मी हलकट नाही. आबांचं नाव लावता येत नव्हतं. म्हणून "वादक : अज्ञात" असं लिहून दिलं. कुणाला कळणार नाही. मग कुणाचं काय बिघडलं?

प्रियंका


सातारा
५ मार्च २०२५

प्रियंका,

चोराच्या उलट्या बोंबा.

वादक अज्ञात! कोंडीबांना त्या दारात कुणी नावानं हाक मारली नाही. "ए हलगीवाल्या" म्हणायचे. पणती शिकली, तिनं त्याला बरा शब्द शोधला.

माझ्या ड्रमचं म्हणतेस तर आता सांगतो, मीही धुतल्या तांदळासारखा नाही. भरती झाल्यावर सहा वर्षं मी आबांना सांगितलं की मी स्टोअरमध्ये आहे. ड्रम वाजवतो हे सांगायची छाती झाली नाही. एका सुट्टीत माझ्या ट्रंकेत त्यांना फोटो सापडला, गळ्यात साइड ड्रम. चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी विहिरीवर विचारलं, "तुला वाजीव म्हनून कोन सांगतंय?" मी म्हटलं, कुणी नाही, मीच परीक्षा देऊन मागून घेतलं. मग म्हणाले, "न्हाई म्हनता येतंय का?" मी म्हटलं, येतं. "मग वाजीव," म्हणाले आणि मोटेच्या बैलाला मारतात तशी पाठीवर थाप मारली.

कळलं का? हलगी पाप आहे असं त्या माणसानं कधीच म्हटलं नाही. तुला वाटतं मी वाद्याबद्दल भांडतोय. तू माझं पत्र वाचलंसच नाहीस.

१२ एप्रिलला गावची जत्रा. आपण जात नाही, पण गाड्या साउंडच्याच असतात आणि मोठ्या घराच्या दारात थांबून वाजवतात. ऋषिराजचे ठेके कुठल्या गाड्यांवर जातात ते तूच लिहिलं आहेस. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. त्याआधी आबांना सांग. तुझ्या तोंडून कळलं तर त्यांना राग येईल. त्या दारातून कळलं तर काय होईल ते मला सांगता येत नाही.

मी येऊन सांगितलं असतं. पण चूक तुझी आहे, तोंडही तुझंच पाहिजे.

महेंद्र


ता. कडेगाव
२२ मार्च २०२५

काका,

ऋषिराजला सांगितलं. तो म्हणाला, माझ्याकडून काढतो. म्हणजे ते मिटलं.

आबांना सांगणार आहे. सध्या ते जयंतीच्या तयारीत आहेत, पोरांना निळे झेंडे शिवून घ्यायला लावलेत, खुशीत आहेत. त्यात मी हे कशाला काढू? १४ एप्रिल होऊ दे. मग निवांत बसून सांगते. तुम्ही उगीच रक्तदाब वाढवू नका.

प्रियंका


सातारा
१३ एप्रिल २०२५

प्रियंका,

अर्जुना सुट्टीवरून आज परतला. सांगत होता, काल मिरवणुकीच्या वेळी आबा मोठ्या घराच्या दारासमोर उभे होते. अडुसष्ट वर्षांत तो माणूस त्या गल्लीत गेलेला नाही. दळण आणायलासुद्धा लांबून फिरून जातो.

घरी फोन केला. आबा फोनवर येत नाहीत म्हणे. तुझा बाप म्हणतो, काही झालेलं नाही. काय झालं ते सगळं लिही. या वेळी मेंढके नकोत.

महेंद्र


ता. कडेगाव
१९ एप्रिल २०२५

काका,

मी सांगितलं नव्हतं.

ऋषिराजनं त्याच्याकडून काढलं होतं, पण तोवर त्यानं किती जणांना पाठवलं होतं ते त्यालाही माहीत नव्हतं. जत्रेच्या संध्याकाळी आबा अंगणात झेंड्यांच्या काठ्या तासत होते. गावातून साउंडचा आवाज आला. सुरुवातीला नुसतीच धडधड. मग ठेका लागला. तिसऱ्या ठोक्याला त्यांचा हात थांबला. चौथा अडवून सुटला तेव्हा त्यांनी कोयता खाली ठेवला, चप्पल न घालता उठले आणि चालायला लागले. मी मागं धावले. "आबा, कुठं चालला? आवं, थांबा की!" म्हणत होते. ते थांबले नाहीत.

गाडी त्या दारात उभी होती. पोरं नाचत होती. माणसाएवढ्या पेट्यांमधून आबांचा हात वाजत होता. आबा बाजूला उभे राहिले आणि पूर्ण साडेतीन मिनिटं ऐकलं. शेवटी त्यांचा खोकला आला, तो मी काढलाच नव्हता. पोरांना ते गमतीचं वाटलं, तीही खोकून नाचली.

आबा माझ्याकडं वळले. "कुनाचा हात हाय ह्यो?" म्हणाले.

काका, तेव्हाही मी खरं बोलू शकले असते. मी म्हटलं, "जतकडचा मेंढका हाय, आबा."

ते "व्हय" म्हणाले. घराकडं चालायला लागले. दारात आल्यावर, आत जायच्या आधी बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू बोलले.

"मला इचारलं असतंस तर मी न्हाई म्हनलो असतो. त्ये तुला ठावं हुतं, म्हनून तू इचारलं न्हाईस. माज्या बापालाबी कवा कुनी इचारलं न्हाई."

तुम्ही मोट आणि विहिरीचं लिहिलं होतं, "न्हाई म्हनता येतंय का" ते. मी ते पत्र वाचलं होतं, काका. वाचून मला तुमचाच राग आला होता. आता स्वतःचा इतका राग येतोय की गोठ्यात पाय ठेववत नाही.

हे इथं संपलं असतं तरी चाललं असतं. १४ तारखेला आपल्या मिरवणुकीला पोरांनी तीच गाडी बोलावली होती. पोरांना ठेका आवडला होता, म्हणून आपल्याच पोरांनी तो लावला. आबा फेटा बांधून पुढं निघाले होते. ते चौकातून मागं फिरले. दर वर्षी पहिली घोषणा त्यांची असते, या वर्षी दुसऱ्यानं दिली. मी गाडीवर चढले आणि वायर उपटली. पोरं माझ्या अंगावर धावून आली, "का बंद केलंस? आपलाच ठेका हाय की!" मी काय सांगणार होते? का बंद केलं ते सांगितलं असतं तर आबांनी एकट्यानं केलेलं सगळ्या गावापुढं उघडं पडलं असतं. मी शिव्या खाल्ल्या आणि खाली उतरले. त्यांनी वायर जोडली आणि तोच ठेका पुन्हा लावला.

माझ्याकडचा टेक मी पुसला. त्यानं काही होत नाही हे मलाही कळतं. कुणाच्याही वरातीत तो कधीही वाजेल आणि तेव्हा आबा कुठं असतील ते माझ्या हातात नाही.

काल मी हलगी खिळ्यावरून काढली आणि त्यांच्यापुढं नेऊन ठेवली. ते खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "आबा, हिचं काय करू? जाळू का तुमच्याजवळ ठिवू? तुमी सांगाल तसं."

त्यांनी हलगीकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं.

"आता इचारतीस व्हय?" म्हणाले.

प्रियंका